शेवटची हरकत

रस्ता रुंदीकरणाची सुनावणी संपत आली होती. सुनावणी आपली नावाची, ऐकत कुणीच नसतं. लोक तणतणत घरी गेले होते. भर दुपारी सभागृहात साहेब, शिपाई आणि मी कारकून, एवढेच उरलो होतो.

"आणखी कुणाची हरकत?" फायलीतून डोकं वर न काढता साहेबांनी सवयीनं विचारलं.

"माझी आहे." आवाज बाईचा होता, अगदी जवळून आलेला.

मी शिपायाकडे पाहिलं. तो रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होता.

"पत्ता सांगा," साहेब लिहिता लिहिता म्हणाले.

"तुमच्या पायाखाली."

साहेबांचं पेन थांबलं. ते उठायला गेले आणि अर्ध्यातच अडकले.

"अहो, जरा हात द्या," ते मला हळूच म्हणाले. "पाय सोडत नाहीये ती."