शेठच्या दिव्यांतलं मधलं काळं

"परत काळंच दिसस, भाऊ," लोटन म्हणाला आणि गॅरेजच्या उंबऱ्यावर मटकन बसला.

अभिमन मिस्तरीनं पाना खाली ठेवला. रुपचंद शेठची गाडी तिसऱ्यांदा दारात आली होती, आणि तीही नाक्यावरच्या दोन हमालांनी ढकलत आणलेली. लढाईचे दिवस होते. पेट्रोल चिठ्ठीवर मिळे आणि शेठ ते अत्तरासारखं जपत. गावात एवढ्यातेवढ्यासाठी इंजिन सुरू करायचं नाही, असा त्यांचा ड्रायव्हरला, म्हणजे लोटनला, हुकूम होता. लोटननं हमालांना एकेक बिडी दिली आणि स्वतःही एक पेटवली.

"नेमकं कुठं काळं?"

"मधमा. दोन्ही बाजूले उजेड पडस, झाडं दिसतस. मधमा रस्ताच नही."

पहिल्या खेपेला अभिमननं बल्ब बदलले होते. दुसऱ्या खेपेला दिव्यांच्या आतल्या वाट्या राखेनं घासून आरशासारख्या केल्या, गंजलेली तार कापून नवी जोडली. दोन्ही वेळेला गॅरेजच्या पांढऱ्या भिंतीवर भाकरीसारखे दोन गोल उजेड पडले. मध्ये काळं शोधूनही सापडलं नाही. गाडी रस्त्याला लागली की मात्र काळं हजर.

हे काळं अभिमनच्या पोटावर येणार होतं. गॅरेजची जागा शेठची. परवा अमळनेरला व्याह्यांकडे जाताना त्याच काळ्यात गाडी चारीत उतरली आणि शेठची कंबर धरली. अंथरुणावरून त्यांनी निरोप पाठवला होता: मिस्तरीला दिवा कळत नसेल तर त्यानं जागा मोकळी करावी. पन्नाशी उलटलेला माणूस ऐरण डोक्यावर घेऊन कुठं जाणार?

"आणि ते हालस बी," लोटननं भर घातली.

"काय?"

"काळं. इकडून तिकडे."

अभिमनच्या जिवात जरा जीव आला. हलतं म्हणजे बल्ब सैल. त्यानं दिव्याची काच उतरवली. काचेवर शेणाचे शिंतोडे होते. आग्रा रोडला संध्याकाळची गुरं असायचीच, त्यानं ते फडक्यानं पुसले. बल्ब मात्र घट्ट बसलेला होता. जिवातला जीव पुन्हा होता तिथं गेला.

"बॅटरी परत उतरलीय," सीट उचलून तो म्हणाला. "मागच्या खेपेला रात्रभर भरून दिली होती. डायनामो बघावा लागेल. बॉनेट उघड."

"बॉनेटले शेठनी कुलूप लायेल शे. चोऱ्या व्हतंस."

"अरे, मी काय चोर?"

"तुम्ही नही, भाऊ. पन किल्ली शेठना करगोटाले शे."

शेठच्या कंबरेपर्यंत जाण्याची सध्या कुणाचीच टाप नव्हती.

"बाकी गाडी कशी चालते?"

लोटननं बिडीची राख झटकली. "चालस. चढले दमस. वाटमा फागण्याले पानी पाजनं पडस."

"एवढी तापते?"

"वय झायं ना, भाऊ."

"मग दिवसाढवळ्या का नाही जात? दिव्यांची भानगडच नको."

"दिवसा वळखीना लोक भेटतस," लोटन म्हणाला.

हे अभिमनला पटलं. लढाईच्या दिवसांत मोटार दिसली की अर्धं गाव पायरीवर चढून बसे.

त्यानं शेवटचा उपाय काढला. मोडीत निघालेल्या मिलिटरी लॉरीचे दोन मोठे बल्ब त्यानं स्वतःच्या गाडीचं स्वप्न पाहत फडताळात जपून ठेवले होते. शेठचे बल्ब एकवीस मेणबत्त्यांच्या उजेडाचे, हे बत्तीसच्या. स्वप्न काही लवकर रस्त्यावर येण्यातलं नव्हतं. त्यानं ते बल्ब शेठच्या गाडीला बसवले, उतरलेली बॅटरी काढून आपली भरलेली घातली आणि बटण ओढलं. भिंतीवरची पाल पळून गेली.

"झालं. जा घेऊन."

लोटन हलला नाही. "भाऊ, उजेड वाढना म्हंजे काळं आखो गडद दिसई."

दिवसभराचा थकवा अभिमनच्या आवाजात उतरला. "मग मीच येतो रस्त्यावर. या डोळ्यांनी बघतो. दिसलं तर उद्या जागा सोडतो, नाही दिसलं तर तू आपले डोळे दाखव मिशनच्या डॉक्टरला."

"नको, भाऊ. शेठनी कोनले सांगू नको म्हनेल शे."

"दिव्याचं?"

लोटननं बिडी विझवली आणि हमालांना हाक मारली.

दिवेलागणीला गाडी ढकलत ढकलत जकात नाक्यापलीकडे नेली. तिथं गुरांच्या हौदापाशी सडक अमळनेरकडे सरळ जाते. हमाल परत फिरले. अभिमननं बटण ओढलं. पांढरा स्वच्छ उजेड थेट लांबच्या निंबापर्यंत गेला. रस्त्यावरचा खडा न् खडा मोजून घ्यावा असा. कितीतरी दिवसांनी अभिमननं पाठ सीटला टेकवली.

"कुठं आहे रे तुझं काळं?"

"आते पहा," लोटन सुस्कारा टाकून खाली उतरला आणि हौदामागच्या अंधारात गेला.

परत आला तो शेठच्या बैलांची जोडी घेऊन, आणि ती त्यानं गाडीला जुंपली तसा रस्ता बरोबर मधोमध काळा झाला.