मोकळी जाळी

"माझ्या सासूनं हातातल्या काठीनं मारला असता रे तो गोल," दाढी करता करता न्हाव्यानं आजही ऐकवलंच. दुकानातले सगळे हसले. रेजाँही हसला.

सेंट-मेरिकच्या आइस हॉकी संघाचा तो शेवटचा सामना होता. कागदाची गिरणी बंद पडली आणि तिच्यामागोमाग संघही गुंडाळायचं ठरलं. नाताळ तोंडावर आलेला, म्हणून रिवाजाप्रमाणे लोक कापडी अस्वलं घेऊन आले होते. आपला पहिला गोल झाला की ती बर्फावर फेकायची, मग ती इस्पितळातल्या पोरांना जातात. पण गोल काही होईना. अगदी शेवटी चकती कप्तानाकडे, रेजाँकडे आली. समोरचा गोलरक्षक आडवा पडलेला, जाळी मोकळी. आणि चकती हातभर बाहेरून गेली. सामना संपला, संघ संपला, लोक अस्वलं घेऊन तसेच घरी गेले. वीस वर्षं झाली, गाव अजून विसरलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोनं, ओदेतनं, लेकीचं अस्वल स्वतःच पिशवीत घातलं होतं. "वर्ष झालं नोएमीला जाऊन. आज फेकते मी. कुणाच्या तरी पोराला होईल," ती म्हणाली होती.

चकती मारण्याआधी रेजाँनं एकदाच वर पाहिलं होतं. फेकायला सगळ्यांचे हात उंचावले होते. ओदेतनं मात्र अस्वल दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरलं होतं.