उशाशी दुधीचा वेल

हेमलताबाईंनी बाजारातल्या सवयीने वेलावरच्या दुधीत नख रुतवलं, कोवळा आहे का बघायला, आणि कळ उठली ती त्यांच्याच कमरेत. पदर सारून बघतात तर तिथे नखाची ताजी चंद्रकोर!

बाई पलंगावर बसल्या. घामाबरोबर चरबी जाते या समजुतीपायी त्या भर उन्हात रेनकोट घालून चालल्या होत्या, तरी वजनाचा काटा ढिम्म. मग उशाशी हा प्रयोगशाळेतला वेल आला. विकणारा म्हणाला होता, "बाई, चरबी जाते ती श्वासावाटे. तुम्ही सोडलेला श्वास हा वेल पिईल." प्यायला की हो मेला! बाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या आणि वेलाला दोन दुधी धरले, बाई पूर्वी होत्या तसेच गुटगुटीत.

पण आता वेलावर एकच होता.

"अहो, दुसरा दुधी कुठे गेला?"

"मी काढला की!" स्वयंपाकघरातून पद्माकरराव म्हणाले. "आज तुझ्या डाएटची भाजी माझ्या हातची. विळीवरच बसलोय. पण हेमा, हा हाताला कोमट कसा गं लागतो?"

बाई 'नको' म्हणून ओरडणार, एवढ्यात त्यांच्या पोटाला विळीची गार धार टेकली.