अर्धी अर्धी कॅप्सूल

"तुमच्या कॅप्सूल तुम्हीच घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी पत्रातून विचारलं होतं, मी महिनाभर उत्तरच दिलं नाही. बंगालातल्या कृष्णनगरच्या इस्पितळात हळदीच्या अर्काची चाचणी माझ्या विसराळूपणावर चालली होती, तशीच शेजारच्या शिबेनच्या आतड्यांवरही. निम्म्या रोग्यांना कॅप्सूलमध्ये औषधाऐवजी नुसतं पीठ मिळे. कुणाला, ते सांगत नसत. "मास्टरमशाय, दोघांच्या फोडून मिसळू, नशीबही अर्धं अर्धं," शिबेन मला, जुन्या शाळामास्तराला, म्हणाला. रोज सकाळी आम्ही चुरमुऱ्यांत भुकटी कालवून खायचो. आज त्याचे डोळे काविळीसारखे पिवळे दिसले. "मला हळद लागली, नवरी शोधा!" म्हणत तो हसला आणि भिंत धरून बसला. खरं सांगितलं तर मला चाचणीतून काढतील, मग बायकोचं नावही विसरेन. तरी चार ओळी खरडल्या, त्याला रिक्षात घातलं, इस्पितळात बाईंच्या दाराखालून उत्तर सरकवलं आणि पळून न जाता दार ठोठावलं.