डोहाकाठची हाक

पाण्यावरून आधी पानं आली. हिरवीगार, नुकती तुटलेली. तोंडाशी नेलेला मंदासीचा गोड वडा झियोनेच्या हातातच राहिला.

मुलांजे डोंगराचा माथा काळ्या ढगात बुडाला होता. खाली मात्र कडक ऊन. चर्चच्या गाणाऱ्यांची सहल जेवून वर गवतावर पसरली होती, ढोल घुमत होता. आणि झियोनेची धाकटी बहीण तमांडा ओढ्यातल्या मधल्या खडकावर, डोहाच्या तोंडाशी, काठाकडे पाठ करून मक्याच्या घट्ट न्सिमाचं करपलेलं पातेलं वाळूनं घासत होती.

पानांमागून फांद्या आल्या. मग फेस. काचेसारखं पाणी बघता बघता चहाच्या रंगाचं झालं. वर पाऊस कोसळला होता, लोंढा निघाला होता. डोंगराखाली वाढलेल्या पोरीला हे वेगळं सांगावं लागत नाही.

"ए! अगं ए! बाहेर ये!"

पण सकाळपासून सगळेच "ए, ए" करत होते. तमांडानं मानही वळवली नाही. झियोनेनं दगड भिरकावला. तो पातेल्याशेजारी पडला, तशी तमांडानं न बघताच वाळूचा हात उडवला. हट, मस्करी पुरे!

नाव घेतलं असतं तर वळली असती. नाव कानावर पडलं की माणूस वळतोच.

पण निघताना गोगो आजीनं दोघींचे कान धरून बजावलं होतं, "तिथं कुणाचं नाव घ्यायचं नाही गं बायांनो. डोहातला म्हातारा कान लावून बसलेला असतो. ज्याचं नाव ऐकतो, त्याला ठेवून घेतो."

"मग तुझं सांगू का त्याला, गोगो?" म्हणून तमांडानं पाठीत धपाटा खाल्ला होता. झियोने हसली नव्हती.

"त..." अक्षर ओठांवर आलं. तिनं जीभ चावली. दुसऱ्या कुणाचं घ्यावं? इथं कुठलंही नाव ऐकून ती दचकून वळेल. ढोल वाजवणाऱ्या म्फात्सोचं? त्याची आई तिथंच बसली होती, पोराकडे कौतुकानं बघत.

वरून गडगडाट आला. तो ढगांचा नव्हता.

आणि मग ती बेंबीच्या देठापासून ओरडली.

"झियोने! झियोनेऽऽ!"

तमांडा ताडकन वळली. ताईचं नाव? इथं? कोण घेतंय? तिला काठावर ताई दिसली, ताईचं उघडं तोंड दिसलं, आणि मग पाणी दिसलं. पातेलं तिथंच टाकून ती दगडांवरून धावत सुटली. शेवटच्या दगडावर पाय घसरला, तेवढ्यात झियोनेनं मनगट पकडून तिला वर खेचलं.

मागे खडक नाहीसा झाला. पातेलं एकदा वर आलं, गर्रकन फिरलं आणि डोहात गेलं.

दोघी गवतावर धापा टाकत पडल्या.

"वेडी आहेस का तू? स्वतःचंच नाव?"

"मग कुणाचं घ्यायचं होतं?"

तमांडा तिच्याजवळ सरकली. "त्यानं ऐकलं असेल का गं, ताई?"

"छे! ढोल वाजत होता ना."

पण ढोल आता थांबला होता. गवतावरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि झियोनेकडे कुणीच बघत नव्हतं. म्फात्सोच्या आईनं तेवढं गुपचूप स्वतःचं कमरेचं चितेंजे सोडून तिच्या ओल्या खांद्यांवर टाकलं.

उतरणीची वाट ओढ्याच्या कडेकडेनं जाते. येताना तमांडा आतल्या बाजूनं चालत आली होती. आता ती पाण्याच्या बाजूला झाली. ताईचा हात तिनं इतका घट्ट धरला होता, की झियोनेची बोटं दुखायला लागली.

वळणावर पाणी अगदी पायांशी आलं. झियोने जागीच थांबली. पाऊल उचलेना.

तमांडानं ओढ्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "झियोने गेली डोहात! चल गं, पातेल्या! चल लवकर!"