गव्हाच्या शेताकाठची गाय

"अजून किती चालायचं?" हौसाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. स्पेनमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाकडे येऊन त्यांना महिना झाला होता. घरात हाताला काम नव्हतं आणि गावाकडच्या म्हशी डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. आईचं मन रमावं म्हणून रणजितने त्यांना नदीकाठच्या पायवाटेवर आणलं होतं. पण दुतर्फा पिकलेल्या गव्हाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून गाय हंबरली. ती आडवी पडून कळा देत होती. एक म्हातारा शेतकरी फोन कानाला लावून तिच्याभोवती येरझाऱ्या घालत होता.

"डॉक्टरला यायला तास लागणार म्हणे," रणजितने ऐकून सांगितलं.

"तासानं काय उरंल?" हौसाबाईंनी पदर खोचला आणि कुंपणाखालून आत शिरल्या.

"आई, परक्याचं शेत आहे!"

"गाय तर गायच हाय न्हवं? त्याला म्हणावं, पाणी आण."

कोपरापर्यंत हात धुऊन त्यांनी चाचपलं. वासराचा एक पाय मागे दुमडला होता. त्यांनी त्याचं डोकं हळूच आत रेटलं, खूर तळहातात झाकून पाय सरळ केला आणि पुढच्या कळेला ओढलं. वासरू गवतावर आलं, पण हललं नाही. हौसाबाईंनी त्याच्या नाकपुडीत गवताची काडी फिरवली. वासरू शिंकलं. म्हातारा टोपीत तोंड खुपसून रडायला लागला.

ऊन उतरलं. रणजित घड्याळ बघत म्हणाला, "आई, चल. शेवटची बस जाईल."

हौसाबाई गाईजवळ मांडी घालून बसल्या होत्या.

"जाऊ दे. वासरामागनं पडणारी वार अजून आतच हाय. ती पडल्याबिगार मी हितनं उठायची न्हाई."