शेजारचा पाट

“वहिनी, यजमान नाहीत तर त्यांच्या पाटावर त्यांच्याऐवजी सुपारी ठेवा. उशीर होतोय,” गुरुजी म्हणाले. आज माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन. ह्यांनी येतो म्हणून शब्द दिला होता आणि फोन आला तो खाडीकाठच्या डिझेल डेपोतूनच.

“वैजू, निघता निघता अवकाळी पाऊस कोसळला. टाक्यांभोवतीच्या बंधाऱ्यात पाणी तुंबलं, ते सोडायला मी झडप उघडलीय. ती उघडी राहिली आणि टाकी गळली, तर सगळं डिझेल खाडीत. ज्यानं उघडली त्यानंच उभं राहून बंद करायची, हा नियम मीच घातलाय गं.”

“आजच बरी उघडलीत!”

“पावसाला तुझं व्रत माहीत नव्हतं.”

मला हसू आलं नाही. फोन कानाशी धरूनच समईत तेल घालू लागले आणि खालच्या ताटलीकडे लक्ष गेलं. ओघळलेलं तेल रांगोळीत उतरू नये म्हणून ती मी रोज ठेवते. एक दिवसही चुकवलेलं नाही.

“झडप लावलीत की सांगा,” मी म्हटलं. “तोवर थांबते मी.” गुरुजींनी सुस्कारा सोडून चहा मागितला.

दिवेलागण टळून गेल्यावर फोन वाजला. “लावली गं. पण पोचायला आता उद्या उजाडेल.”

“काहीतरी खाऊन घ्या.”

समई लावली. त्यांच्या पाटावर सुपारी ठेवली आणि तो पाट अलगद ओढून माझ्या पाटाला भिडवून घेतला.